मरायचे नियम

साथ कोणाचीही असो, पोळा बैलाचाच बंद होतो. २०२० मध्ये कोरोना माणसांना झाला होता, तरी वाशीमकडच्या गावांत तोरणाखाली बैलांची रांग लागली नाही. पूजा घरच्या घरी, असा हुकूम. पुढच्या वर्षीही तेच. दोघांत सहा फूट अंतर ठेवा, असं तेव्हा सांगत. बैलजोडीला हे लागू करायचं तर आधी सुताराकडून जू लांब करून आणावं लागलं असतं. पोळ्याबरोबर झडत्याही गेल्या. झूल-बाशिंग लेवून बैल उभे राहिले की गडीमाणसं वर्षातून एकदा झडत्यांतून मालकाला, पाटलाला, सरकारला तोंडावर सुनावून घेतात. त्या बंद झाल्या म्हणून आदेश काढणाऱ्यांपैकी कोणी रडल्याचं ऐकिवात नाही.

२०२२ मध्ये माणसं मास्क काढून मोकळी झाली, तर ऑगस्टमध्ये जळगावकडून गुरांचा लम्पी रोग आला. सप्टेंबरमध्ये राज्यभर गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. आजारी जनावर वेगळं बांधा, असं दवंडीवाला सांगून गेला. वेगळं म्हणजे कुठं? अर्ध्या गावाचा गोठा म्हणजे चार टिनपत्रे, आणि रोग नेतात डास, माश्या अन् गोचीड. त्यांना जिल्हाबंदी कोण समजावणार? लस होती, पण ती शेळ्यांच्या देवीची. गाई-बैलांना तीच टोचली आणि ती उपयोगी पडली, हे मान्य करायला हवं. टोचणारे हात मात्र कमी होते. पशुवैद्यकीय दवाखान्यांतली रिकामी पदं ही काही लम्पीने मेलेली नव्हती.

भरपाईचा दर ठरला: गाय ३० हजार, बैल २५ हजार, वासरू १६ हजार. बैलजोडीचा बाजारभाव माहीत असलेला माणूस त्या बैठकीत नसावा. जोडीतला एक गेला की उरलेल्याला डवऱ्याला कसं जुंपायचं, हा रकाना पंचनाम्यात नसतो. दुसरा घ्यावा, तर बाजार बंद.

कोंबडीचं तर विचारूच नका. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘चिकननं कोरोना होते’ असा मेसेज मोबाइलवरून फिरला. कोंबडी ठणठणीत होती, बिघडलं होतं ते वाचणाऱ्याचं डोकं. पण भाव कोसळला तो कोंबडीचा. खाद्य परवडेना म्हणून राज्यात ठिकठिकाणी पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी जिवंत पुरले. त्याचा पंचनामा नाही, कारण अफवा पशुरोगांच्या यादीत येत नाही.

खरा रोगही आला, फेब्रुवारी २०२५ मध्ये. वाशीमच्याच कारंजा तालुक्यातल्या खेर्ड्यात एका फार्मवर सहा हजारांहून अधिक कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या. इथे नियम बैलाच्या उलटा. बैल लम्पीने मेला तर भरपाई होती. कोंबडी रोगाने मेली तर काही नाही. रोग पसरू नये म्हणून सरकारने स्वतः मारली, तरच तिचे पैसे. म्हणजे कोंबडीने ताप अंगावर काढत, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत, पथक किट घालून दारात उभं राहीपर्यंत तग धरायचा. खेर्ड्याच्या कोंबड्यांनी घाई केली.