पावसाळ्यात कळसूबाई कशी चढावी

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. पावसाळ्यात कळसूबाईला जाणारी मंडळी महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर बघायला जातात, असं त्यांच्या घरच्यांना वाटतं. शिखर १६४६ मीटर उंच आहे, यात वाद नाही. पण जुलै-ऑगस्टात त्याचा वरचा निम्मा भाग ढगांच्या ताब्यात असतो. बारी गावात उतरून वर पाहिलं की घरांमागे एक करडी भिंत दिसते आणि कोणीतरी त्या भिंतीकडे बोट करून म्हणतं, "ते काय, तिथंच आहे." यावर विश्वास ठेवावा. पुढचा सगळा कार्यक्रम याच विश्वासावर चालतो.

बेत बुधवारी ठरवावा. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा जणांचा ग्रुप काढावा लागतो. शेवटी दोघंच जाणार असतात. पण अकरा जणांचा ग्रुप काढल्याशिवाय ते दोघं हाती लागत नाहीत. गुरुवारी उत्साह शिगेला पोचतो. शुक्रवारी दुपारपासून कोणाच्या घरी पाहुणे येतात, कोणाला बॉस अडकवतो, कोणाचा गुडघा तीन वर्षांनी अचानक बोलू लागतो. जो नुसता अंगठा पाठवतो, तो येणार नसतो. जो "बघतो" म्हणतो, त्याने बघून झालेलं असतं. शुक्रवारी रात्री साडेदहाला जो "लेका, पोंचो दोन घेऊ का?" असं विचारतो, तो तुमचा मित्र. त्याला सांभाळावं.

अर्थात निवडीला थोडाफार वाव असेलच, तर काही प्रकार माहीत असावेत. इतिहासकार मित्र राजगड-रायगडावर सोन्यासारखा. पण कळसूबाई हा किल्ला नव्हे. तटबंदी नाही, दरवाजा नाही, चोरवाट नाही. उंचीत हिच्या खालोखाल असलेल्या साल्हेरवर, म्हणजे १५६७ मीटरवर, तो १६७२ची लढाई सांगत दोन तास आरामात काढेल. इथे त्याच्या हाती काहीच लागत नाही. मग तो चुळबुळतो, भंडारदऱ्याकडे वळतो आणि विल्सन धरण १९२६ साली बांधून पूर्ण झालं ही माहिती आपण शिडीच्या मधल्या पायरीवर असताना देतो.

दुसरा प्रकार, ज्याच्यापासून खरं जपून राहावं, तो म्हणजे "मी गेलोय रे तिथे" मित्र. हा गेलेला असतो, खोटं बोलत नाही. पण तो डिसेंबरात गेलेला असतो. डिसेंबरातली कळसूबाई पिवळी, कोरडी आणि स्वच्छ. आता त्याच जागी कमरेएवढं गवत, वाटेतून वाहणारं पाणी आणि दहा फुटांपलीकडे पांढरा पडदा. पहिल्या वळणावर तो थांबतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, "इथे एक झाड होतं." झाड अजूनही असतं. दिसत नाही एवढंच. अशा वेळी वाद घालू नये. मागून येणाऱ्या ट्रेकिंग ग्रुपला पुढे जाऊ द्यावं आणि सहज आपणही त्याच दिशेला निघालो आहोत असं दाखवावं.

साहित्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण सगळं भिजणारच आहे. बुटांचा तळ खाचांचा असावा. कॉलेजला घालायचे पांढरे बूट आणू नयेत, ते संध्याकाळी पांढरे नसतात. जीन्स तर नकोच. भिजलेली जीन्स दोन किलोची होते आणि चढणीवर मागे ओढते. छत्रीचा उपयोग गावापासून पहिल्या चढापर्यंत. तिथून वर वारा तिची उलटी वाटी करतो आणि मित्राला हसायला कारण मिळतं. खरं महत्त्व प्लास्टिकच्या पिशव्यांना. एक फोनसाठी, एक कोरड्या कपड्यांसाठी, एक परत येताना ओल्या कपड्यांसाठी, आणि एक मित्रासाठी, कारण त्याने आणलेली नसते. शिट्टी घ्यावी. धुक्यात नावाने हाक मारण्यात अर्थ नसतो. रविवारी त्या डोंगरावर "ओंकार" म्हणून ओरडलं तर चार दिशांनी "ओ" येते आणि त्यातला एकही आपला नसतो.

मुंबईकरांनी शनिवारी रात्रीची कसारा लोकल धरावी. या गाडीत झोपायला आलेले प्रवासी आणि पाठीवर सॅक घेतलेली मुलं अशा दोन जमाती एकमेकींकडे संशयाने बघत असतात. कसाऱ्याहून जीप मिळते, इगतपुरी-घोटी करत ती पहाटे बारीला सोडते. जीपमध्ये नऊ जणांची सोय आहे असं समजून चौदा जण बसतात. मित्र मांडीवर येतो. इथेच एकमेकांचा खरा परिचय सुरू होतो.

पुणेकरांची परीक्षा वेगळी. ते आळेफाटा, संगमनेर करत येतात आणि संगमनेरपर्यंत आभाळ कोरडं ठणठणीत असतं. "अरे, पाऊस आहे ना तिकडे?" हा प्रश्न दर वीस किलोमीटरला विचारला जातो. त्याचं उत्तर असं की समुद्रावरून आलेला वारा घाटाच्या भिंतीला थडकून वर चढतो, गार होतो आणि जवळचं सगळं पाणी तिथंच रितं करतो. पूर्वेकडे संगमनेरला पोचेस्तोवर ढगांच्या खिशात फारसं उरत नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात, आणि त्याच जिल्ह्यात टँकरची वाट बघणारी गावंही आहेत. राजूर सोडलं की काचेवरचा वायपर थांबत नाही. तेव्हा आधीच्या शंकांबद्दल मित्राला टोमणा मारून घ्यावा. नंतर दम पुरणार नाही.

बारीत शिरताना दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. जुलैत आवणी चालू असते. बायाबापड्या पाठीवर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत असतात. आपण चिखलात पाय घालायला पैसे खर्चून आलो आहोत, ही गोष्ट त्यांना सांगायची गरज नाही. त्यांनी ती ओळखलेली असते. "किती वेळ लागेल हो दादा?" असं विचारल्यावर गावातला माणूस आपल्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहतो आणि म्हणतो, "तासाभरात जाल की." हा तास त्याचा आहे. आपला तीन-चार तासांचा होतो.

चढण साधारण आठ-नऊशे मीटरची. पहिल्या टप्प्यात बोलणं भरपूर असतं: ऑफिसातलं राजकारण, फ्लॅटचे हप्ते, शाळेतली अमकी आता कुठे असते. दुसऱ्या टप्प्यात वाक्यं तुटू लागतात. लोखंडी शिड्यांपाशी फक्त क्रियापदं उरतात: थांब, धर, सरक, चल. शिडीचा गार, ओला कठडा तळहाताला चिकटतो आणि हात सोडला की बोटांवर तांबूस गंज उतरलेला दिसतो. रविवारी शिडीखाली रांग लागते, पुढच्या ग्रुपचा म्होरक्या वरून "एकावेळी एक, एकावेळी एक!" ओरडत असतो आणि खाली कोणाच्या तरी पिशवीतल्या स्पीकरवर वरातीतली गाणी वाजत असतात. आवाज धुक्यात कुठून येतो ते कळत नाही. माझं मत विचाराल तर स्पीकर घेऊन डोंगरावर येणाऱ्याला एकदा तरी भरपावसात आवणी करायला लावावी.

शेवटच्या शिडीच्या आसपास मित्र एक घोषणा करेल: "मी नोकरी सोडणार आहे." ती गांभीर्याने घेऊ नये, पण हसूही नये, कारण या डोंगराची मूळ गोष्टच तशी आहे. कळसू नावाची कोळ्यांची पोर खाली इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासायला आणि केरवारे करायला सांगायचं नाही. काही दिवस ठीक चाललं. मग घरातल्या कोणीतरी नेमकं तेच काम सांगितलं. तिने ते केलं, आणि थेट डोंगर चढून वर गेली ती परत खाली आलीच नाही. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. नोकरीचा राजीनामा देऊन देवी झालेली दुसरी व्यक्ती मला ठाऊक नाही. नवरात्रात इथे जत्रा भरते. मित्राला ही गोष्ट सांगावी आणि तिने नोटीस पीरियड पाळला नव्हता, हेही लक्षात आणून द्यावं.

माथ्यावर छोटंसं देऊळ आहे. आत मोजकीच माणसं मावतात, म्हणून आधी आत गेलेले बाहेर यायला तयार नसतात. त्यांचं चुकत नाही. दर हजार मीटरला तापमान सहाएक अंशांनी उतरतं, त्यात अंग भिजलेलं आणि वारा असा की उभं राहायला कठडा धरावा लागतो. शर्ट बदलायचा तर देवळाच्या आडोशाला, पाठ वाऱ्याकडे करून, आणि बाहीत हात घालण्याआधी शर्टाचं टोक दातांत धरून. नाहीतर तो भंडारदऱ्याच्या जलाशयात जातो.

दृश्याचं काम मित्राकडे द्यावं. तो पांढऱ्या धुक्यात हात लांब करून सांगतो, "इकडे अलंग, मदन, कुलंग. तिकडे रतनगड. आणि तो बघ हरिश्चंद्रगड." तो काही बघत नसतो आणि तुम्हीही काही बघत नसता, त्यामुळे मतभेदाला जागाच राहत नाही. दिवाळीनंतरच्या स्वच्छ हवेत हे सगळे डोंगर खरोखर दिसतात. पण तेव्हा मित्राने चुकीच्या दिशेला बोट केलं तर पकडला जातो. पावसाळ्याला मित्र पसंती देतात त्याचं एक कारण हे आहे. फोटो काढावेतच. दोन ओली माणसं, मागे कोरा कागद. खाली "कळसूबाई" लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं.

आता थोडं गंभीर, कारण उतरताना विनोद सुचत नाही. चढण्यात दम जातो, उतरण्यात गुडघे जातात आणि घसरण्याचे बहुतेक प्रसंग परतीचेच. काळा, गुळगुळीत, हिरवट शेवाळ धरलेला कातळ टाळून पाय गवतावर किंवा खडबडीत दगडावर टाकावा. येताना घोट्याएवढा असलेला ओढा वर सर आली की तासाभरात मांडीएवढा होतो. पाणी गढूळ आणि ओढ जोराची दिसली तर पलीकडे बस उभी असली तरी थांबावं. पाणी उतरतं. बस दुसरी मिळते. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल किंवा जिल्हा प्रशासनाने डोंगर बंद केला असेल तर घरी बसून भजी खावी, ती तिथल्यापेक्षा कुरकुरीत होतात. "काही नाही होत रे" म्हणणाऱ्या मित्राचं सोबत येणं त्याच क्षणी रद्द समजावं. आणि अंधार पडण्याआधी गावात असावं. धुक्यात विजेरी लावली की उजेड पुढे जात नाही, परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

बारीत कोणाच्याही पडवीत जेवण मिळतं: तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. डोंगरावर भांडलेले मित्र इथे बोलू लागतात, कारण ठेच्यामुळे दोघांच्याही डोळ्यांत पाणी असतं आणि कोणालाच माफी मागावी लागत नाही. वाढणाऱ्या मावशी पहाटे उठून, आवणीची पाळी चुकवून चूल पेटवतात. त्या ताटाचे जितके सांगतील तितके पैसे घासाघीस न करता द्यावेत. वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या सॅकमधून घरापर्यंत न्याव्यात, गावात उकिरडा शोधत बसू नये. आणि बूट चुलीपाशी सुकत ठेवले असतील तर निघताना खात्री करून स्वतःचेच घालावेत; चिखलाने सगळे एका रंगाचे झालेले असतात.