सहलीची पैसेवारी

धाराशिव जिल्ह्यात साल कसं गेलं हे ठरवण्यासाठी सरकारनं आजवर काय कमी खटाटोप केले? मंडळामंडळात पर्जन्यमापक बसवले, स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली, उपग्रहाकडून पिकांच्या हिरवेपणाचा हिशेब मागवला. एवढं करूनही समाधान होईना म्हणून बांधावर समिती उभी केली आणि पीक रुपयात किती पैसे आलंय, ते नुसत्या नजरेनं सांगा म्हणाले. हीच ती पैसेवारी. या सगळ्याला पर्याय ठरेल असं एक साधन जिल्ह्यात फुकट पडून आहे. कार्यालयातली मंडळी वर्गणी काढून नळदुर्गच्या धबधब्याला जी एका दिवसाची सहल काढतात, ते हे साधन. सहल निघाली तर साल बरं, नाही निघाली तर टंचाई. शासनानं पैसेवारी बंद करून ही सहलवारी अधिकृत करावी, असा प्रस्ताव इथे पूर्ण गांभीर्यानं मांडत आहे. ज्यांना हसू येत असेल त्यांनी आधी गेल्या काही वर्षांची पैसेवारी काढून वाचावी आणि मग ठरवावं, जास्त हसू कशाचं येतं.

या प्रस्तावाचा पाया भक्कम आहे, आणि तो दगडी आहे. नळदुर्गचा धबधबा सह्याद्रीतल्या धबधब्यांसारखा नाही. आंबोलीत किंवा लोणावळ्यात मृग निघाला की कुठल्याही कड्यावरून पाणी सुटतं. ते बघून फार तर जून लागला एवढं कळतं. नळदुर्गला मात्र पाणी कड्यावरून पडत नाही, बंधाऱ्यावरून पडतं. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्यामध्ये बोरी नदीवर हा बंधारा घातलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकारानं बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल बांधला आणि वरून दोन सांडवे काढले. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. म्हणजे ज्याच्यापुढे उभं राहून आपण निसर्गाचा चमत्कार म्हणतो, तो सरळसरळ जलसंपदा खात्याचा विषय आहे, खातं तेवढं विजापूरचं. आता या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बोरी धरण झालं. ते काठोकाठ भरल्याशिवाय खाली पाणी येत नाही आणि नर-मादी वाहत नाहीत. आधी धरण भरावं, मग उरलं तर खाली यावं, हा क्रम जिल्ह्यातल्या कुठल्याही निधीच्या वाटपाला तंतोतंत लागू पडतो. पण तो वेगळा विषय. इथे महत्त्वाचं एवढंच की हा धबधबा अंदाजानं वाहत नाही. त्याच्यामागे पाण्याचा पुरा साठा असावा लागतो. नजरअंदाज पैसेवारीच्या मागे काय असतं?

आता प्रत्यक्ष सहल पाहू. पाऊसपाण्याची माहिती तिच्याइतकी नेमकी कुठल्याच अहवालात सापडत नाही. धरण नव्वद टक्क्यांच्या पुढे सरकलं की कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला व्हिडिओ पडतो. तो बहुधा मागच्या साली काढलेला असतो आणि त्यावर ‘आत्ताचा’ असं लिहिलेलं असतं. मग खातरजमा सुरू होते. नळदुर्गात कुणाचा मेहुणा राहतो, अणदूरला कुणाची सासुरवाडी आहे, सोलापूर-हैदराबाद हायवेनं कोण रोज ये-जा करतं, असे दोन-तीन स्वतंत्र स्रोत गाठून पाणी खरंच पडतंय का याची पडताळणी होते. एकाही पीक पाहणीत इतकी दक्षता घेतल्याचं ऐकिवात नाही. पडताळणी झाली की वर्गणी ठरते. टेम्पो ट्रॅव्हलर ठरतो, सोलापूरची शेंगा चटणी कोण आणणार, धपाटे कुणाच्या घरून येणार, दही कशात न्यायचं, सकाळच्या नाश्त्याला सुशीला की पोहे, यावर चर्चा होते. या चर्चेला वेळ लागतो, कारण तिथे प्रत्येकाचं मत विचारात घेतलं जातं. २९ फेब्रुवारी २०२० ला राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून बिचाऱ्या शनिवारवर कुणाला आक्षेपही घेता येत नाही. त्याआधी ही सहल ‘स्थळ पाहणी’ या नावाखाली हालचाल नोंदवहीत जायची, असं खवचट लोक म्हणतात. तसं असेल तर उलट बरंच झालं. स्थळही होतं आणि पाहणीही होत होती. बाकीच्या नोंदींबद्दल एवढी खात्री देता येत नाही.

सहलवारीचे टप्पेही आयते तयार आहेत. पैसेवारी तीनदा जाहीर होते: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम, म्हणजे पीक घरात आलं किंवा गेलं की मग. सहलीलाही तीन पायऱ्या ठेवता येतील. येडशीजवळच्या रामलिंगाला दोन दमदार पाऊस झाले की देवळाशेजारी पाणी कोसळू लागतं. तिथे कार्यालय जाऊन आलं तर ती नजरअंदाज सहलवारी. नळदुर्गला गेलं तर ती अंतिम, कारण तिथे धरण भरल्याचा पुरावा लागतो. आणि सहल जिल्ह्याबाहेर गेली, महाबळेश्वर, आंबोली, कोकण असं कुठेही, तर त्याच दिवशी जिल्हा पन्नास पैशांच्या आत धरून टंचाईच्या सवलती लागू कराव्यात. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्क माफी, सगळं. घरचा धबधबा सोडून माणूस साताऱ्याला पाणी बघायला गेला, याहून दुष्काळाचा सबळ पुरावा कोणता द्यायचा? एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा उभ्या देशाला मराठवाड्याची तहान कळली. सहलवारी लागू असती तर ती आधीच्या श्रावणातच कळली असती.

यावर आक्षेप येणारच. पहिला असा की सहल पावसावर ठरत नाही, साहेबांच्या मर्जीवर ठरते. हे खरं आहे. पण गावची पैसेवारी काढताना मर्जी चालतच नाही, असं म्हणणारा माणूस या जिल्ह्यात शोधावा लागेल. दुसरा आक्षेप जास्त शहाणपणाचा आहे. जिल्ह्यात तालुके आठ. तुळजापूर तालुक्यातल्या एका नदीवरचा धबधबा परंड्याचं आणि भूमचं कसं काय सांगणार? परंड्याचं पाणी सीनेचं, कळंबचं मांजरेचं, त्यांचा बोरीशी संबंध काय? मुद्दा बिनतोड आहे. पण मग हाच न्याय पर्जन्यमापकाला लावा. महसूल मंडळात एक मापक, आणि त्याच्यावर कितीतरी गावांचं नशीब. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी, त्याच्या आत राहिला तर नुसता पाऊस. ढग मंडळाची हद्द विचारून पडत नाही. मापकाच्या गावात रिमझिम आणि दहा किलोमीटरवर सोयाबीन पाण्याखाली, हे दर वर्षीचं रडगाणं आहे. दुष्काळाची यादी मंडळांऐवजी तालुक्यांची असली तरी तिची गंमत कमी होत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्यात धाराशिव जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तीन होते, तुळजापूर नव्हतं. लोहाऱ्याच्या शिवेवर दुष्काळ थबकला आणि तुळजापूरच्या हद्दीत शिरायचं त्याच्या जिवावर आलं, असं मानायचं काय? पुढे राज्यातल्या हजाराहून अधिक महसूल मंडळांना ‘दुष्काळसदृश’ म्हणून सवलती दिल्या. हा ‘सदृश’ शब्द ज्यानं शोधला त्याला नळदुर्गच्या सहलीत खिडकीजवळची जागा कायमची राखून ठेवावी.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: दुष्काळी जिल्ह्यातल्या नोकरदारांनी धबधब्याखाली भिजावं हे शोभतं का? शोभतं, न शोभायला काय झालं? उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजणारा कारकून पावसाळ्यात एक दिवस पाणी फुकट अंगावर घेतो, यात पाप नाही. उलट त्या दिवशी शिपाई आणि साहेब एकाच पाण्यानं भिजतात, एका डब्यातलं धपाटं खातात. सोमवारी पुन्हा आपापल्या जागी बसतात, ते सोडा. चौथा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तिथे चेष्टा नको. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याचा लोंढा वरून येतो आणि खाली सेल्फी काढणाऱ्याला तो शेवटच्या क्षणी दिसतो. सहलवारी अधिकृत झाली तर तिच्यात पहिला नियम तोच हवा.

हे सगळे आक्षेप सहलवारीनं परतवले. एक मात्र परतवता येत नाही, आणि तो घेतलाय सप्टेंबर २०२५ नं. त्या महिन्यात या जिल्ह्यावर आभाळ फाटलं. भूम, परंडा भागात माणसं घरांच्या छपरांवर अडकली, काहींना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं, जनावरं दावणीला बांधलेली तशीच गेली, काढणीला आलेलं सोयाबीन कुजलं आणि कित्येक शेतांची मातीच खरवडून गेली. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात लोक पाणी उतरायची वाट बघत होते. सहलवारीच्या कोष्टकात बघितलं तर भरलेलं धरण, कोसळते नर-मादी, म्हणजे साल उत्तम! पाणी आलं एवढंच धबधबा सांगतो. येताना कुणाचं काय घेऊन आलं ते सांगत नाही. इथे आमचा प्रस्ताव सपशेल आडवा होतो. पण आडवा होताना त्याला सोबत मिळते ती थेट मंत्रालयाची. ओला दुष्काळ जाहीर करा अशी मागणी झाली तेव्हा उत्तर आलं की ओला दुष्काळ असा शब्दच नियमावलीत नाही. दुष्काळाच्या वेळी देतो त्या सवलती देऊ, पण त्याला दुष्काळ म्हणणार नाही. मग ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. म्हणजे पाण्याची कमतरता मोजणारी नियमावली पाण्याच्या अतिरेकापुढे तशीच गप्प बसली, जसा धबधबा बसतो. पीक पाण्यानं गेलं की पाण्यावाचून, हे शेतकऱ्याला रिकाम्या पोत्याकडे बघून कळतं. नियमावलीला त्यासाठी स्वतंत्र शब्द लागतो.

पाणी महालाची खरी करामत अशा वर्षीच समजते. बाहेर बोरी तुफान वाहत असते, अख्खी नदी डोक्यावरून जात असते, पडत्या पाण्याचा पडदा खिडकीसमोर असतो, आणि आतला माणूस कोरडाच्या कोरडा उभा राहून म्हणतो, वा, काय पाणी आहे! चारशे वर्षांपूर्वीच्या स्थापत्यकारानं बादशहासाठी केलेली ही सोय नंतर राज्यकारभारानं इतकी आत्मसात केली की आता तिला वेगळी इमारत लागत नाही. पंचनाम्याचा नमुना, मंडळाची सरासरी आणि नियमावलीतला शब्द एवढ्या तीन भिंती पुरतात. निजामाच्या राज्यात जिल्ह्याचं ठिकाणही नळदुर्गच होतं. १९०४ मध्ये ते तिथून उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला हललं. कचेरी हलवली, खिडकी मात्र सोबत आणली.

तेव्हा प्रस्ताव मागे घेत नाही, त्यात एक दुरुस्ती सुचवतो. यंदाच्या श्रावण-भाद्रपदात जे कार्यालय नळदुर्गला जाईल, त्यानं धबधबा बघून झाल्यावर गाडी लगेच हायवेला लावू नये. परतीच्या वाटेवर कुठल्याही एका शिवारात थांबावं, उरलेले धपाटे बांधावर बसून खावेत आणि समोरच्या माणसाला विचारावं की औंदा पीक किती पैसे आलंय. तो जे सांगेल ते वर्गणीच्या वहीत, चटणीच्या खर्चाखाली, तारखेसह लिहावं. सोमवारी कचेरी उघडली की त्या पानाची एक प्रत तहसीलला द्यावी, आणि पोच घ्यायला विसरू नये.