त्रिकोणी दूर्वा

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी आत्यानं मला दूर्वा आणायला पिटाळलं. बाजारात जुडीचा भाव ऐकून मी तडक सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर गेलो. तिथं फुकटचं हिरवं रान माजलं होतं. तासभर उकिडवा बसलो, कंबर धरली, पण एकवीस जुड्या बांधूनच उठलो.

आत्यानं चष्मासुद्धा लावला नाही. "अरे, हा लव्हाळा! बाप्पाला दूर्वा लागतात, वैरण नाही."

"गवत ते गवत," मी म्हणालो.

"गवतही नाही ते," आरतीचं विचारायला आलेले शेजारचे सर म्हणाले. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. "तुरा आलेला दांडा चिमटीत धरून फिरवा."

फिरवला. बोटांना तीन धारा लागल्या. मग सरांनी अंगणातली खरी दूर्वा दाखवली: दांडा गोल, त्याला उसासारखी पेरं. ऊसही गवतच, हे मला त्या दिवशी कळलं. गवताची पानं दोन बाजूंना, लव्हाळ्याची तीन रांगांत. शिवाय गवताच्या पानाचं खालचं आवरण दांड्याभोवती अंगरख्यासारखं पुढं उघडं असतं. लव्हाळ्याचं बनियनसारखं सगळीकडून बंद. एवढं सगळं आत्यानं चष्म्याशिवाय कसं पाहिलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मुकाट्यानं बाजारात गेलो. भाव तोवर दुप्पट झाला होता.

तेव्हापासून बोटांना चाळा लागला. दिसेल तो दांडा चिमटीत. तुळस चौकोनी निघाली, पुदिनाही. मंडईत चौथी जुडी हातात घेतली तेव्हा भाजीवाली म्हणाली, "काका, घ्यायचा तर घ्या, वाती काय वळताय?" लव्हाळ्याच्या गणगोतात काहींचे दांडे चक्क गोल असतात, हे सरांनी मला तब्बल महिन्यानं सांगितलं. तोवर मी निम्म्या सोसायटीला त्रिकोण शिकवून बसलो होतो.

प्लॉटवरचा लव्हाळा एकदा सूड म्हणून उपटायलाही गेलो. पाती हातात आली, गाठ जमिनीतच राहिली. आठवड्यात पुन्हा कोंब. हट्टानं खुरप्यानं एक गाठ उकरली. काळी, केसाळ, शेंगदाण्याएवढी. नखानं खरवडली आणि एकदम ओळखीचा वास आला. कुठला, ते काही केल्या आठवेना.

नरकचतुर्दशीला पहाटे आत्या पाठीला उटणं चोळत होती. वास तोच!

"आत्या, यात काय काय असतं गं?"

"आंबेहळद, कचोरा, वाळा, नागरमोथा..."

"नागरमोथा म्हणजे?"

"लव्हाळ्याची गाठ," ती म्हणाली. "मान खाली घाल."