मरीआईचा गाडा

पूर्वी आपल्याकडे पटकी आली की गावकरी मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेवर नेत आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून येत. पलीकडचे तो पुढच्या गावाला पोचवत. ही रीत आपण अडाणीपणा म्हणून सोडली. संयुक्त राष्ट्रांनी ती कायद्याच्या भाषेत जपली आहे.

12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला आणि जगभरातून मदत धावली. त्याच ऑक्टोबरात मिरबाले गावाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरचा मैला ओढ्यात गेला, ओढ्यातून आर्तिबोनीत नदीत, आणि नदीतून लोकांच्या घागरीत. तळावरचे जवान नेपाळहून आलेले, आणि नेपाळात तेव्हा पटकी होती. हैतीत मात्र शंभरेक वर्षं तिचं नाव नव्हतं. आठ लाखांवर माणसं आजारी पडली, दहा हजारांच्या आसपास गेली. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी अहवाल दिला की हा अनेक परिस्थितींचा संयोग आहे, दोष कुणाचाच नाही. आमच्या गल्लीत गटार फुटलं की नगरपालिकाही असंच म्हणते, फक्त इतक्या सुरेख इंग्रजीत नाही.

त्याच वर्षी पाचेक हजार पीडितांनी संयुक्त राष्ट्रांकडे भरपाई मागितली. पंधरा महिन्यांनी उत्तर आलं: दावा दाखल करून घेता येत नाही, कारण त्यात धोरणात्मक बाबी तपासाव्या लागतील. वाचकहो, जरा थांबा. मैला नदीत जाऊ देणं हे धोरण होतं, ही कबुली त्यांनी स्वतःच्या सहीशिक्क्याने दिली! लोक न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, 1946 च्या करारानुसार संयुक्त राष्ट्रांवर खटला चालत नाही.

मदत घेणाऱ्याचं मात्र तसं नसतं. त्याने घोंगडीपासून तांदळाच्या पोत्यापर्यंत पावती दाखवायची, लेखापरीक्षण करून घ्यायचं, भ्रष्टाचारावरचं व्याख्यान मान खाली घालून ऐकायचं. मानवी हक्कांचे धडे त्यालाच, उजळणीही त्यालाच. देणाऱ्याकडे कोण पावती मागणार? दात्याला हिशेब विचारणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत यजमानाला तुपाचा भाव विचारणं.

1 डिसेंबर 2016 ला सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली, तीही तीन भाषांत. माफी पटकी आणल्याबद्दल नव्हती, ती आल्यावर पुरेसं केलं नाही याबद्दल होती. सोबत 40 कोटी डॉलरची योजना होती. निधी ऐच्छिक ठेवला होता, तेव्हा सदस्य देशांनी आपली इच्छा दाखवली: फारच थोडे पैसे आले.

हैतीशी 2004 साली झालेल्या करारात एक कलम होतं: शांतिसेनेमुळे कुणाचं नुकसान झालं तर दावे ऐकायला स्थायी आयोग नेमायचा. तो नेमलाच नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये शांतिसेनेने तळ आवरला आणि ती परत गेली.