होडीचं फेशियल

निवृत्त माणसानं जुनी शिडाची होडी का घ्यावी, याचा तपास आमच्या घरात अजून चालू आहे. दिलीप दोंदे 2010 साली ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून माझ्या डोक्यात पाणी शिरलं होतं, एवढंच मी सांगू शकतो. दोंदे नौदलातले, मी बँकेतला. त्यांना फिरायला सगळे समुद्र, मला खडकवासला.

होडी ‘एंटरप्राइझ’ जातीची, सव्वातेरा फुटी, दोघांपुरती. जॅक होल्ट या इंग्रज गृहस्थानं 1956 साली तिचा आराखडा काढला आणि निळं शीड ही तिची ओळख ठरली. मूळच्या प्लायवूडच्या, माझी मात्र फायबरची. विकणारा म्हणाला, “जरा पॉलिश मारा काका, आरसा होईल.” सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या जागी ती पालथी घातली, गाडी रस्त्यावर गेली, आणि मी कौतुकानं तिच्या पाठीवरून हात फिरवला तर तळवा पांढराफट्ट.

तर मंडळी, फायबरच्या होडीला आपण समजतो तसा वरून रंग दिलेला नसतो. बाहेरून जेलकोट नावाचा राळेचा रंगीत थर असतो, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. उन्हातले अतिनील किरण तो वर्षानुवर्षं कुरतडतात आणि वरचा पापुद्रा भुकटी होऊन हाताला लागतो. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की त्वचा कोरडी पडली आहे, म्हणून मी खोबरेल तेल चोळलं.

आणि काय सांगू, उजळली हो! खडबडीत पृष्ठभागातले बारीक खड्डे तेलानं भरले, उजेड सरळ परतू लागला, आणि संध्याकाळी मी बायकोला हात धरून खाली घेऊन आलो. ती म्हणाली, “छान.” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ‘छान’मागचा अर्थ कळायला हवा होता. सकाळपर्यंत पार्किंगमधली यच्चयावत धूळ होडीवर येऊन बसली होती, आणि नाळेपासून पार मागच्या टोकापर्यंत मांजराच्या पावलांची एक स्वच्छ रांग उमटली होती. मग ते तेल काढायला साबण, साबण पुरेना म्हणून अ‍ॅसिटोन, आणि अ‍ॅसिटोनच्या वासानं पहिल्या मजल्यावरच्या आजींना चक्कर.

मग पॉलिश पेपर आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, “कितीचा देऊ?” काम नाजूक, म्हणून मी म्हटलं, “लहानात लहान नंबरचा द्या.” त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे, आणि 120 नंबरचा कागद काढून दिला. वाचकहो, पॉलिश पेपरचा नंबर जितका लहान तितका तो खरखरीत. मी दुपारभर घाम गाळून होडीवर असे काही ओरखडे काढले की ते घालवायला पुढं 400, 600, 800, 1000 अशी यादी करून त्याच दुकानात जावं लागलं, आणि तो माणूस मला आता लांबून ओळखतो.

मधला भाग मात्र मला मनापासून आवडला. पेन्सिलीनं सगळीकडे हलक्या फुल्या मारायच्या, साबणाच्या पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि फुल्या जाईपर्यंत घासायचं. फुली गेली की थांबायचं. पांढरं, दुधट पाणी निथळतं, खालून गुळगुळीत थर बोटाला लागतो. चकाकी वरून लावायची नसते, खडबडीतपणा काढायचा असतो, हे माझ्या बोटांना डोक्याच्या आधी कळलं. डोक्यानं लगेच बफिंग मशीन भाड्यानं आणलं.

मशीनच्या गादीला कंपाउंड लावून ती आधी होडीला टेकवायची आणि मग बटण दाबायचं, असा क्रम आहे. मी आधी बटण दाबलं. झाकण न लावता मिक्सरमध्ये ताक फिरवलं की ओट्याचं जे होतं, ते सेक्रेटरींच्या गाडीचं, मीटरबोर्डाचं आणि माझ्या चष्म्याचं झालं. चष्मा पुसून मी जिद्दीनं परत सुरुवात केली, ती नेमकी कडेला, जिथं जेलकोट आधीच पातळ असतो आणि मशीन क्षणभरही एका जागी ठेवायचं नसतं, आणि तिथंच सेक्रेटरी गाडीबद्दल बोलायला आले, आणि मी नम्रपणे उभा राहून ऐकत राहिलो. मशीन चालूच होतं.

जेलकोटच्या जागी फायबरची वीण दिसू लागली.

आता डागडुजी आली. नव्या जेलकोटमध्ये हार्डनर घालतात शेकडा एक ते दोन, थेंब मोजून. पावसाळी हवा आहे, लवकर वाळायला नको का, म्हणून मी सढळ हातानं घातलं. ब्रश शोधेपर्यंत वाटी हाताला चटका देऊ लागली, मग तिच्यातून वाफ आली, आणि पाहता पाहता आतला ऐवज वाटीसकट दगड झाला. वाटी बायकोच्या माहेरची, स्टीलची, नाव घातलेली. पुढचं मिश्रण मी प्लॅस्टिकच्या डब्यात, रीतसर मोजून केलं. त्याला हवा लागली की वरून चिकट राहतं, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा कागदही चिकटवला, आणि ते झकास बसलं. फक्त माझी होडी जुन्या पुस्तकाच्या पानाइतकी पिवळट पांढरी आणि ठिगळ नव्या सदऱ्याचं पांढरं.

शेवटी मेण. ते हातभर जागेत लावायचं, धुरकट झालं की पुसायचं, मग पुढं सरकायचं, आणि हे सगळं सावलीत. मी उन्हात पूर्ण होडीला एकदम लावलं आणि जेवायला वर गेलो. आमटी बरी झाली होती, त्यामुळं डुलकीही झाली. नंतरचं मेण काढायला सोसायटीतली मुलं प्रत्येकी एका आइस्क्रीमच्या बोलीवर लावली.

अखेर होडी खडकवासल्याला नेली. तिथं शर्यतीत उतरणारी एक कॉलेजातली मुलगी होती. तिनं होडीवर बोट फिरवलं आणि विचारलं, “काका, पाण्याखालच्या भागालाही मेण लावलंत?” मी अभिमानानं हो म्हटलं. ती म्हणाली, “मेणानं वेग वाढत नाही. आम्ही 600च्या कागदानं घासून तसंच सोडतो.” पुढं असंही म्हणाली, की मेणाचा उपयोग उन्हापासून वाचवायला, आणि त्याहून जास्त उपयोग कापडी आच्छादनाचा, खालून वारा खेळेल असं सैल बांधलेल्या. आच्छादन होडीबरोबरच आलं होतं. मशीनचं कंपाउंड उडू नये म्हणून मी त्यानं माझी स्कूटर झाकली होती.

मेण वर्षातून दोनदा तरी लावावं लागतं. पुढची खेप दिवाळीच्या आधी धरली आहे. मदतीला येणार असाल तर जुने कपडे घालून या, आणि वाटी आपली आपण आणा.