टोकियोतला पाडा

डहाणूचा माणूस नव्या शहरात उतरला की आधी चिमणी शोधतो. आमच्या वीज केंद्राची चिमणी २७५ मीटर उंच, ती दिसली की घर कुठे ते कळतं. टोकियो टॉवर ३३३ मीटरचा. म्हणजे आमच्यापेक्षा ५८ मीटर जास्त. राजधानी आहे, एवढं चालायचंच. तिथे ६३४ मीटरचा स्कायट्रीही आहे, पण त्याचा विषय मी गावी पारनाक्यावर काढत नाही.

भाचा निशी-कसाईला राहतो. तिथे आपली माणसं बरीच, त्यामुळे तूरडाळीची चिंता नाही. कामावर निघताना त्याने हातात चिठ्ठी दिली. "मामा, खुशाल फिरा. रस्ता चुकलात तर हा पत्ता दाखवा." पत्त्यात वस्तीचं नाव आणि पुढे तीन आकडे.

"अरे, रस्त्याचं नाव?"

"रस्त्यांना नावं नसतात, मामा."

मला वाटलं, पोरगा मामाची थट्टा करतोय. पण खरंच, मोजके मोठे रस्ते सोडले तर टोकियोत रस्ते बेनाव आहेत. नाव वस्तीला. मग वस्तीचा भाग, त्यातला गट आणि गटातलं घर, असे ते तीन आकडे. रस्ता म्हणजे दोन गटांच्या मधे उरलेली जागा. पूर्वी घराला जमिनीच्या तुकड्याचाच क्रमांक असे आणि शेजारशेजारच्या क्रमांकांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नव्हतं. १९६२ साली कायदा झाला. आता बहुतेक ठिकाणी क्रमांक गटाभोवती घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात.

जगातल्या एवढ्या पुढारलेल्या शहराचा पत्ता तलासरीच्या वळणावर जातो, हे कळल्यावर मला एकदम मोकळं वाटलं. आमची ताई तलासरीला असते. तिकडे तालुका, मग गाव, मग पाडा आणि पाड्यात शिरल्यावर तोंड. विचारायचं. रस्त्याच्या कडेला सरकारी फलक असतो, त्यावर रस्त्याचं नाव आणि खर्च दोन्ही लिहिलेलं असतं. पण त्या नावाने कुणी कुणाच्या घरी पोचल्याचं ऐकिवात नाही. डहाणूत निदान इराणी रोड तरी आहे.

आणि विचारायची सोय टोकियोने सरकारी खर्चाने केली आहे! चौकाचौकात, स्टेशनाजवळ पोलिसांची छोटीशी चौकी असते, तिला कोबान म्हणतात. पोलीसचौकीत आपणहून शिरायची आपल्याला सवय नाही, म्हणून मी आधी दोनदा समोरून गेलो. आतल्या तरुण पोलिसाने चिठ्ठी पाहिली, भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं आणि कागदावर वाट काढून दिली. वाट वरून पाहिल्यासारखी, पूल मात्र समोरून, झाडं चक्क उभी. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं पाहत वाढलेल्याला हा नकाशा वाचायला कसली अडचण? जपानात तोकामाचीच्या मिथिला संग्रहालयात वारली चित्रं आहेत. ती या पोलिसाने पाहिली असतील असं नाही, पण हात तयार होता.

बाकी शहराचं म्हणाल तर स्वच्छ, वक्तशीर, हे सगळे सांगतात, ते खरंच आहे. मेट्रोत कुणी बोलत नाही. डहाणू लोकलमध्ये "सरका जरा" म्हटल्याशिवाय चौथी सीट मिळत नाही. इथे चौथी सीट ही कल्पनाच नाही, त्यामुळे ओळखी कशा होतात हा प्रश्नच आहे.

रात्री ताईचा फोन आला.

"कुणाच्या पाड्यात राहतो रे तो?"

मी तिन्ही आकडे वाचून दाखवले.

"आकड्यांनी घर सापडतं होय! बाजूला कोण राहतं?"

मी फोन भाच्याकडे दिला. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, बाजूला अठरा नंबर राहतो."

"बरं," ताई म्हणाली, "मग त्या अठराला मुलंबाळं किती?"