पाय नसलेले नागरिक

ऑक्टोबर 2021 मध्ये फेसबुक कंपनीने ‘मेटा’ असं बारसं करून घेतलं आणि त्रिमितीय आभासी जगात बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. ‘होरायझन वर्ल्ड्‌स’ उभं राहिलं. रहिवाशांना कमरेखाली मात्र काहीच नव्हतं. सगळे आपले अधांतरी!

डोक्यावरच्या हेडसेटला मान आणि हात कळतात, पायांचा नुसता अंदाज.

ऑगस्ट 2022 मध्ये कंपनीचे प्रमुख झुकरबर्ग यांचा आयफेल टॉवरसमोरचा आभासी सेल्फी झळकला. डोळे बटणासारखे, टॉवर खेळण्यातला. लोक पोट धरधरून हसले. ऑक्टोबरमध्ये पाय जाहीर झाले, तेही उसने: व्हिडिओतल्या उड्या खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून बेतलेल्या होत्या.

त्या वर्षी हे आभासी जग उभारणाऱ्या विभागाचा तोटा सुमारे 1,370 कोटी डॉलर. अंथरूण ऐसपैस, पसरायला पायच नाहीत! ते आले 2023 मध्ये.